लळ्याचे मोल

मराठी भाषेत मायेचे शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांची वाटणी सारखी झालेली नाही. ममता, वात्सल्य, माया हे शब्द बहुतेक वडील माणसाच्या बाजूचे आहेत. 'ममता' या शब्दातच 'मम' म्हणजे 'माझे' आहे. 'वात्सल्य' या शब्दात वत्स आहे खरा, पण तो त्या भावनेचा विषय आहे, ती भावना बाळगणारा नव्हे. तान्ह्या मुलाला आपल्या माणसाविषयी जे वाटते त्यासाठी मात्र आपल्या बोलीत एकच नेटका शब्द आहे, आणि तो म्हणजे 'लळा'. या शब्दाचा प्रयोगही ध्यानात घेण्यासारखा आहे. मूल लळा करीत नाही. मुलाला लळा लागतो. मोठे माणूस लळा लावते. प्रेम करणे न करणे हे काही अंशी तरी करणाराच्या स्वाधीन असते. लागणे हे कोणाच्या स्वाधीन नसते. तहान लागते, भूक लागते, झोप लागते, तसाच लळा लागतो. ज्यांनी हा प्रयोग रूढ केला त्यांनी मानसशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. पण त्यांनी मुले वाढविली होती.

हा लळा मुलाला कसा लागतो, हा प्रश्न शास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळसे हाती आले आहे. परंतु तो लागला म्हणजे लावणाराच्या अंगावर कोणते कर्तव्य येते, आणि ते कर्तव्य पार पाडण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न नीतीचा आहे. व त्याचे उत्तर आपण अद्याप टाळीत आलो आहो. नीतीचे प्रश्न हवेत सोडले म्हणजे ते फार सोपे दिसतात. म्हणून या लेखात शास्त्राचा थोडासा पाया घातल्यावर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचे उदाहरण घेतले आहे. तेथे हा प्रश्न दरसाल हिवाळ्यात द्राक्षांच्या मळ्यात उभा राहतो.

लळ्याविषयीचा जुना समज असा की, जो पोट भरतो त्याचे मूल होते. हा समज केवळ अडाण्यांचा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांतही त्याची प्रतिष्ठा होती. दूध मिळते म्हणून दूध देणारी हवीशी वाटते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १९५८ साली हॅरी हार्लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तो हिशेब चुकीचा ठरला. पिलांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दूध तारेच्या आईपाशी ठेवले, तरी पिले पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. भय दाखविले की धाव घेत तीही हिच्याकडेच. त्या मुक्या पिलांचे जे हाल झाले त्यांचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण त्यातून जे दिसून आले ते नाकारताही येणार नाही. लळा हा पोटाचा व्यवहार नव्हे.

त्याच्या आधी, १९५१ साली, जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी निराधार मुलांविषयी एक अहवाल लिहिला होता. आईचा, किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या माणसाचा, ऊबदार आणि अखंड सहवास ही तान्ह्याची अन्नाइतकीच निकडीची गरज आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ ही १९५४-५५ साली युगांडात होती. कंपालाजवळच्या खेड्यांतील सव्वीस कुटुंबांत जाऊन तिने तान्ही मुले महिनोन्महिने पाहिली. ज्या आयांना आपल्या मुलाच्या बारीकसारीक सवयी तपशीलवार सांगता येत, ते केव्हा कशासाठी रडते हे ज्यांना ठाऊक असे, त्यांची मुले निर्धास्त असत. मुलांना आईखेरीज घरातील दुसऱ्या माणसांचाही लळा लागत असे. निर्धास्त मुलाची खूण तिने सांगितली तीही मार्मिक आहे. असे मूल आईला चिकटून बसत नाही. ते तिला सोडून रांगत दूर जाते, मध्येच मागे वळून पाहते, ती जागेवर आहे अशी खात्री करून घेते, आणि पुन्हा पुढे जाते. लळा मुलाला बांधून ठेवतो असे आपण समजतो. वस्तुतः तोच त्याला मोकळे करतो.

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. आपली बहुतेक कर्तव्ये दोन मुळांतून निघतात असे आपण मानतो. एक वचन आणि दुसरे उपकार. शब्द दिला म्हणून पाळावयाचा, उपकार घेतला म्हणून फेडावयाचा. तान्ह्याच्या बाबतीत यांपैकी एकही मूळ सापडत नाही. ते आपल्याशी करार करीत नाही, आणि आपल्यावर त्याचे काही उपकारही झालेले नसतात. उलट 'आम्ही तुला वाढविले' हे देणे आपण त्याच्याच नावावर मांडून ठेवतो आणि ते जाणते झाले म्हणजे वसुलीस निघतो. हा हिशेब माझ्या मते उलटा आहे. पहिले देणे मुलाने दिलेले असते. समोरचे माणूस विश्वासास पात्र आहे की नाही हे पारखण्याची शक्ती येण्यापूर्वीच ते त्याच्यावर आपला सारा विश्वास टाकते. सावकारही इतके बिनतारण कर्ज देत नाही. आणि असा विश्वास जो टाकून घेतो, त्याने तोंडाने शब्द दिला नसला तरी कडेवर घेऊन, हाकेला ओ देऊन, दररोज त्याच वेळी त्याच दारातून येऊन तो दिलेलाच असतो. लळा लावणे हे न बोलता दिलेले वचन आहे.

यावर एक समाधान आपल्याकडे तयार असते. 'लहान आहे, विसरेल.' हे वाक्य किती घरांत, किती वेळा उच्चारले जाते! मूल विसरते हे खरे. दीड वर्षाच्या वयात आपल्याला कोणी उराशी धरले होते हे विशीतल्या माणसाला आठवत नाही. पण आठवण जाणे वेगळे आणि झालेला परिणाम जाणे वेगळे. चालावयास कोणी शिकविले हे आपण विसरतो, चालणे विसरत नाही. 'हाक मारली की कोणीतरी येते' हा जीवनातला पहिला सिद्धांत मूल ज्याच्यापाशी शिकते ते माणूस त्याच्या स्मरणातून पुसले जाईल, सिद्धांत राहतो. तसेच 'हाक मारून काही उपयोग नसतो' हा सिद्धांतही राहतो. शिवाय, ज्याची फसवणूक झाली त्याला ती पुढे आठवणार नाही म्हणून फसवणूक क्षम्य ठरते, असे नीतीचे कोणते शास्त्र सांगते?

आता असे कोणी म्हणेल की, हे सारे आईचे कर्तव्य झाले. त्यात नवीन ते काय? परंतु येथेच विचार घसरतो. जन्म देणे हा लळ्याचा पाया नाही, हे आपल्या परंपरेला पूर्वीपासून ठाऊक आहे. देवकीने जन्म दिला, पण गोकुळातल्या सगळ्या कथा यशोदेच्या अंगणात घडतात. दिंडोरी तालुक्यातच रामशेजचा किल्ला आहे. १६८२ सालापासून मोगली फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो वर्षानुवर्षे झुंजविला. ज्या संभाजी महाराजांसाठी तो झुंजला त्यांची आई सईबाई १६५९ साली वारली, तेव्हा बाळाचे वय अवघे सव्वादोन वर्षांचे होते. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले आणि वाढविले. इतिहासाने त्या कुणबिणीला दुधाआईचा मान दिला, हे योग्यच झाले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि एका विधवेच्या पोटी आलेल्या यशवंताला १८७४ साली दत्तक घेऊन आपले म्हणून वाढविले. पुढे हा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करता करता वारल्या, त्या वेळी हा मुलगा त्यांच्याबरोबर त्याच कामात होता. रक्ताचा संबंध नसता लळा लागतो, आणि तो जन्मभर टिकतो, याला आणखी पुराव्याची गरज नाही.

तथापि यावरून उलट बाजूची चूकही करू नये. 'कोणीही सांभाळले तरी मूल वाढते' असे म्हणणे तितकेच खोटे आहे. रुमानियातील अनाथगृहांत मुलांना अन्न होते, छप्पर होते, दायाही होत्या. पण त्या पाळीपाळीने बदलत आणि एकेकीकडे पुष्कळ मुले असत. इसवी सन २००० च्या सुमारास बुखारेस्ट शहरात काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून निवडली व पालक कुटुंबांत ठेवली. ज्यांना दोन वर्षांच्या आत कोणाचे तरी घर मिळाले त्यांच्यापैकी पुष्कळांचा विश्वास पुन्हा जुळून आला; उशीर झाला त्यांच्या बाबतीत ते काम अवघड गेले. मुलाला एकच आई हवी असे यातून निघत नाही; आणि दहा अनोळखी हात चालतील असेही निघत नाही. त्याला थोडी, ओळखीची आणि न बदलणारी माणसे हवीत. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या, थोरली बहीण अशी पाच-सहा माणसे मुलाला घेत. ते बिघडत नसे, कारण चेहरे तेच असत. लळ्याला रक्त लागत नाही; सातत्य लागते.

आणि सातत्य ही काही नुसती भावना नव्हे. त्याला वेळ लागतो, कोणीतरी मोकळे असावे लागते, त्या मोकळ्या माणसाला दुसऱ्या कोणीतरी पोसावे लागते. म्हणजे लळ्याला मोल पडते. ते मोल कोण देतो, हे पाहण्यासाठी आता दिंडोरीस जाऊ.

या तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेकडचा सखल भाग कादवेच्या खोऱ्यातला. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड या धरणांच्या पाण्याने तेथे द्राक्षांचे मळे उभे राहिले. पश्चिमेकडचा भाग डोंगराळ, पावसाच्या शेतीचा आणि आदिवासी वस्तीचा. तो पुढे पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत मिसळतो. डोंगरात भात आणि नागलीची कापणी झाली की घरात काम उरत नाही, आणि नेमके त्याच सुमारास मळ्यात कामाची घाई उडते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला पेस्ट लावणे, नको ती फूट काढणे, शेंडे खुडणे, घड औषधात बुडविण्याचे डिपिंग, मण्यांची विरळणी, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत खुडा. ही सारी कामे माणसाच्या बोटांची आहेत आणि त्यांतील पुष्कळशी ठरावीक दिवसांतच उरकावी लागतात. म्हणून डोंगरातली कुटुंबे टोळ्या करून खाली उतरतात. काम बहुधा एकरावर उक्ते ठरते. जितके हात अधिक आणि जितके उरक अधिक, तितकी रोजाची पडताळ बरी. अशा टोळीत अंगावर पिणारे मूल असलेली बाईही असते. कारण तिचे हात वगळले तर घरचे गणित बसत नाही.

ते मूल कोठे असते? मांडवाच्या खांबाला किंवा बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली असते, त्यात. आणि झोळीपाशी पुष्कळदा त्याची आठ-दहा वर्षांची बहीण असते. ती झोका देते, रडले की कडेवर घेऊन ओळीओळीने फिरते, फारच रडू लागले की आईपाशी नेते. आई औषधाने माखलेले हात धुते, पाजते आणि पुन्हा ओळीत शिरते. मूल त्या बहिणीला ओळखते. तिच्या खांद्यावर निजते, परका माणूस दिसला की तिच्या मानेत तोंड खुपसते. एन्सवर्थबाईंनी येथे येऊन पाहिले असते तर त्यांनाही बहुधा म्हणावे लागले असते की, हे मूल निराधार नाही. त्याला त्याचे माणूस मिळाले आहे.

आणि हीच खरी अडचण आहे. येथे लळ्यात उणे काही नाही. उणे आहे ते त्याच्या हिशेबात. तान्ह्याला जे मिळावयास पाहिजे ते बहुतांशी मिळाले. पण ते मिळवून देण्यासाठी जिचे नाव शाळेच्या पटावर आहे अशी मुलगी दिवाळीपासून चैत्रापर्यंत झोळीपाशी बसली. मळेवाल्याने मजुरी दिली ती खुडलेल्या घडाची. टोळीच्या मुकादमाने वाटणी केली ती ओळींची. मूल सांभाळण्याची मजुरी कोणीच दिली नाही. ती एका पोरीने आपल्या अक्षरओळखीतून भरली. तिला ते देणे वाटतही नाही, कारण तिलाही त्या भावाचा लळा लागलेला असतो. ज्या त्यागाची त्याग करणाराला जाणीव नसते त्याची आपण फार स्तुती करतो. खरे म्हटले तर अशाच त्यागाविषयी इतरांनी अधिक सावध असले पाहिजे. कारण तो मागणाराला मागावाही लागत नाही.

यावर खेड्यातले वडीलधारे एक आक्षेप घेतील, आणि तो विचार करण्यासारखा आहे. 'आमच्या आज्याही बांधावर झोळी बांधून कामे करीत. आमच्या आत्यांनी आम्हाला कडेवर वागविले. आम्ही काय वाईट निघालो?' वाईट निघाला नाहीत, हे कबूल. पण त्या आजीचे शेत बहुधा तिचे स्वतःचे होते. मूल रडले तर खुरपे टाकून उठण्याला ती कोणाची परवानगी मागत नव्हती. आणि त्या काळच्या आत्येने कडेवर मूल घेतले तेव्हा तिच्या बरोबरीची दुसरी कोणती मुलगी शाळेत जात होती? त्या आत्येने जे दिले त्याचे मोल तेव्हा कोणी मांडलेच नव्हते. आज मळेवाल्याची मुलगी गणवेश घालून सकाळी शाळेच्या गाडीत बसते आणि झोळीपाशी बसलेली मुलगी तिला पाहते. काम तेच आहे. मोल वाढले आहे.

मळेवाल्याला खलपुरुष ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. बहुतेक द्राक्षबागायतदार लहान धारणेचे शेतकरी आहेत. बागेवर कर्ज असते. एका गारपिटीत किंवा अवेळी पावसात वर्षाची कमाई चिखलात जाते. भाव व्यापाऱ्याच्या हाती असतो. टोळी आठ दिवस याच्याकडे तर पुढचे आठ दिवस शेजाऱ्याकडे. अशा स्थितीत एकट्या मळेवाल्याने पाळणाघर काढावे असे म्हणणे सोपे, करणे कठीण. तरीपण ज्या मळ्यात घडातला एकेक मणी मोजून ठेवला जातो, कोणता ठेवावा आणि कोणता काढावा याचा विचार होतो, तेथे झोळीतले मूल मात्र कोणाच्या मोजणीत येत नाही, ही गोष्ट त्या मळेवाल्यालाही आवडणार नाही, असा माझा विश्वास आहे. विशेषतः ज्या ओळीत औषधाची फवारणी चालते तेथे झोळी असू नये, एवढे पाहणे तर त्याच्या स्वतःच्या हाती आहे.

हा दोष खेड्यातला म्हणून शहरातल्या सुशिक्षित वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. नाशिक, पुणे, मुंबई येथील नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरी मूल सांभाळावयास बाई येते. ती चांगली असावी, प्रेमळ असावी, मुलाला तिने आपल्यासारखे मानावे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणजे आपण तिच्याकडून काम मागत नाही, लळा मागतो. तो ती लावते. त्या वेळी तिचे स्वतःचे मूल कोणापाशी असते हे आपण विचारतो काय? आणि मग मूल तीन वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले, किंवा पगाराच्या शंभर-दोनशे रुपयांवरून बोलाचाली झाली, की बाई उद्यापासून येत नाही. मूल दोन दिवस दाराकडे पाहते. आपण म्हणतो, 'लहान आहे, विसरेल.' बाईच्याही मनात काही तुटले असेल हे तर आपल्या विचारातच येत नाही. मोलकरीण बदलण्याचा धन्याला हक्क आहे. पण मुलाचे माणूस एका रात्रीत नाहीसे करण्याचा हक्क त्याला कोठून मिळाला? निदान निरोप घेऊ देणे, पुढे मधूनमधून भेटू देणे, आणि ती बाई रजेवर गेली असता तिच्या मुलाच्या आजाराचे कारण खोटे न समजणे, एवढे तरी या न बोलता दिलेल्या वचनात येते.

मग उपाय काय? एक उत्तर नेहमी ऐकू येते : 'आईने घरी राहावे.' जिची चूल तिच्याच मजुरीवर पेटते तिला हे सांगणे म्हणजे उत्तर नसून उत्तर देण्याचे टाळणे आहे. आपल्या समाजात आईची थोरवी फार गाइली जाते. दिंडोरी तालुक्यातल्या वणी गावावरून सप्तशृंगीच्या गडाकडे चैत्रात आणि नवरात्रात माणसांचा पूर लोटतो, आणि त्या प्रत्येकाच्या तोंडी देवीला हाक असते ती 'आई' हीच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहिली, आणि ती वाचताना महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्यांचे डोळे ओले झाले. या भक्तीला मी खोटी म्हणत नाही. पण मातेला देव्हाऱ्यात बसविले की तिचे ओझे उचलण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरते, असा काहीसा उपयोग आपण त्या भक्तीचा करून घेतला आहे. देवीला रजा लागत नाही, दुपारचा विसावा लागत नाही, हात धुण्यापुरती उसंतही लागत नाही. मळ्यातल्या बाईला हे सारे लागते.

ही गोष्ट स्पष्ट शब्दांत कायदेमंडळात मांडणारांपैकी एक डॉ. आंबेडकर होते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिकाळच्या साहाय्याचे बिल आले असता त्यांनी त्याचा पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार सरकारने उचलणे रास्त. आणि त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो म्हणून त्यानेही काही भार सोसला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले. १९५१ साली चहा, कॉफी, रबर, सिंकोना यांच्या मळ्यांसाठी तशी तरतूद झाली. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. क्रम पाहा. कारखाना, चहाचा मळा, कचेरी. जेथे मालक एक आहे आणि हजेरीपट आहे तेथे तेथे कायदा पोचला. द्राक्षाच्या मळ्यात मालक आठवड्याला बदलतो आणि हजेरीपट मुकादमाच्या डोक्यात असतो. तेथे कायदा पोचता पोचत नाही.

तरी मार्ग अगदीच दाखविला गेला नाही असे नाही. २००५ साली केंद्र सरकारने ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा केला त्यात एक लहानसे कलम होते. कामावरच्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्या स्त्रियांपैकीच एकीला मुले सांभाळण्याच्या कामावर नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. या कलमाची अंमलबजावणी कशीही झालेली असो, त्यातली कल्पना मला मोठी न्याय्य वाटते. मूल सांभाळणे हे काम आहे, ते मजुरीस पात्र आहे, आणि ते परक्याने नव्हे तर मुलाच्या ओळखीच्या, त्याच्याच गावच्या, त्याच्याच बोलीतल्या बाईने करावयाचे आहे, अशा तीन गोष्टी तिने एकदम मान्य केल्या. टोळीतली तीच एक बाई हंगामभर झोळ्यांपाशी राहिली, तर मळे बदलले तरी मुलाचे माणूस बदलत नाही. तिची मजुरी उक्त्या कामाच्या दरातच धरावयाची. दहा-पंधरा जणांच्या टोळीत ती वाटली तर एकरामागे जी वाढ होईल ती मळेवाला, व्यापारी आणि शेवटी द्राक्षे खाणारे आपण यांनी मिळून सोसावयाची. शासनाने अंगणवाडीला जोडून पाळण्याची योजना २०२२ पासून हाती घेतली आहे. मळ्यांच्या गावी हंगामापुरती तिची जोड मिळाली तर हे काम आणखी सोपे होईल.

आणि त्या बहिणीचे काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांचे शिक्षण आरंभिले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर मूल आहे. त्यांनी मुलीला दोष दिला नाही, आईबापांना उपदेश केला नाही. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आली. मूल पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. भावाच्या रडण्याचा आवाज येईल इतक्या अंतरावर बसून ती अक्षरे गिरवू शकली. लळा तोडला नाही आणि त्याचे मोलही तिच्याकडून घेतले नाही. दिंडोरीच्या मळ्यांसाठी यापेक्षा मोठे तत्त्वज्ञान शोधण्याचे कारण नाही.

आपल्या लळ्यासाठी कोणी काय दिले हे तान्ह्याला कधी कळत नाही, आणि कळूही नये. ते जर हिशेब मागू लागले तर तो लळाच राहणार नाही. परंतु त्याला कळत नाही म्हणून आपणही न कळल्यासारखे करावे, हे बरोबर नाही. मूल कोणाच्या तरी खांद्यावर निर्धास्त निजले आहे हे पाहून संतोष वाटणे स्वाभाविक आहे. तो खांदा कोणाचा आहे, त्याचे वय काय आहे आणि त्या वेळी तो खांदा खरोखर कोठे असावयास हवा होता, हे विचारणे जाणत्यांचे काम आहे.